तिसऱ्या हाकेला ओ

चैत्रातली भर दुपार. अशा वेळी इनामगावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. हौसराव आबांच्या रानात, घोड नदीच्या अंगाला, डाळिंबं ठेवायला नवी कोल्ड रूम उभी राहत होती आणि तिच्या दाराशी गौतमी हातात पाना घेऊन उभी होती. दार लावायचं, मशीन चालू करायचं, खोली गार पडते का बघायचं, एवढंच काम. पण दाराला हात लावायच्या आधी आत हाक मारायची असते. शिरूरला ज्यांच्या हाताखाली ती काम शिकली, त्या म्हाळूमामांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. खोली रिकामी दिसू दे नाहीतर काही, तीनदा विचारायचं.

"आत कोण हाय का?"

काही नाही.

"आत कोण हाय का?"

आपलाच आवाज भिंतींवरून फिरून परत आला, जरा उशिराच. तिसरी हाक ती नुसती रीत म्हणून मारणार होती...

"आत कोण हाय का?"

"ओ."

पाना खाली पडला. अंधारातून एक पोरगा बाहेर आला, घामानं भिजलेला, डोळे चोळत. उंच, सावळा, आणि हसायला लागला की एका गालावर खळी. ही खळी गौतमीनं नंतर पाहिली म्हणे. खोटं बोलते. तेव्हाच पाहिली होती.

"तोंड शिवलं होतं का?" ती म्हणाली. "पयल्या दोन हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"आल्या की. पण आमची धुरपदा आत्या सांगायची, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची न्हाई. माणूस तीनदा हाक मारतं. ते दुसरं जे काय असतं ना... ते दोनदाच मारतं."

"कुठलं गाव तुमचं? शाळा न्हाई वाटतं तिकडं."

"भांडगाव. शाळा हाय. मी इलेक्ट्रिकच्या सुपरवायझरची सरकारी परीक्षा पास हाय. पण आत्या ती आत्या."

त्याचं नाव सम्राट. आबांनी मोटारीचं कनेक्शन बघायला बोलावलं होतं, आबा जेवत होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून हा पठ्ठ्या सावलीला आत जाऊन बसला होता. गौतमीच्या कानात मात्र एकच शब्द घुमत राहिला, सुपरवायझर.

कारण असं, की गौतमीला परवाना हवा होता. ठेकेदाराचा, स्वतःच्या नावाचा. शिरूरपासून दौंडपर्यंत किती मशिनी तिनं बसवल्या असतील, थंडीत कोंबडीच्या पिल्लांच्या शेडला ऊब दिली असेल, उन्हाळ्यात दवाखान्यांना गारवा दिला असेल, पण पाटी दुसऱ्याची आणि बिलावर नावही दुसऱ्याचं. परवान्यासाठी एक पुरं काम तपासणीला दाखवायचं होतं, आणि वायरिंगच्या कागदावर परीक्षा पास झालेल्या सुपरवायझरची सही लागत होती. दोघांना विचारून झालं होतं. एक म्हणाला, बघू. दुसरा नुसताच हसला, आणि त्याचं हसणं तिला अजून लागत होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमचं नाव माझ्या कागदावर लागंल का?"

"इतक्या लवकर?" सम्राटनं डोळे मोठे केले. "आधी चहा तरी पाजा, मॅडम."

गौतमी लाजली नाही. तिनं पाना उचलला आणि उगाचच एक घट्ट असलेला नट परत आवळला.

मग तो भांडगावहून मोटरसायकलवर येत राहिला. ती पाइप जोडायची, तो तारा ओढायचा. बोलणं कमी आणि चिडवाचिडवी जास्त. "मॅडम, टेस्टर द्या" म्हणत हात पुढं करायचा आणि टेस्टर त्याच्याच खिशात असायचा. तिच्या लक्षात यायचं, तरी ती आपला टेस्टर द्यायची. बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही घाईनं भिंतीकडं बघायचे.

पण त्या खोलीचं काहीतरी निराळं होतं. मशीन बंद असतानाही नदीकडचा कोपरा गार असायचा. नुसता गार नाही, ओला गार. जमिनीवर ठेवलेले स्क्रू जेवून येईपर्यंत गोल मांडलेले सापडायचे, मधोमध एक वायसर. गौतमी म्हणायची, हा चावटपणा सम्राटचा. सम्राट म्हणायचा, तुमचा. एक दिवस दोघं बरोबरच जेवायला गेले, बरोबरच आले... आणि स्क्रू गोल मांडलेले होते. त्या दिवशी कुणीच कुणाला चिडवलं नाही.

आबांच्या मालकीणबाईंनी, विठाबाईंनी, मग चहाच्या कपाबरोबर सांगून टाकलं.

"पाया खणताना निघालं होतं, बाई. दोन मडकी, तोंडाला तोंड लावलेली. आन् आत लेकराची हाडं. लई जुनी. ह्या गावात शिकल्याली माणसं येऊन कितीक वर्सं खणत व्हती, त्यांनीच सांगितल्यालं... पूर्वी लेकरू गेलं तर घरातच पुरायचे, जमिनीखाली. लांब नगं म्हणून." त्यांनी पदर सारखा केला. "आमचे हे म्हणाले, काम थांबंल, माती लोटा. लोटली. वर काँक्रीट. मला त्या दिशी घास गिळवला न्हाई."

परतताना गौतमी भरभर पुढं चालत होती. सम्राट हळूच म्हणाला, "भ्यालात का?"

"मी? छट्."

"मी भ्यालो," तो म्हणाला. "पण मग म्हणलं, लेकरूच हाय. खेळतंय."

हे ऐकून तिला तो पहिल्यांदा मनापासून आवडला. तोवर आवडत होता, पण तोवर तिनं ते कबूल केलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी भांडण झालं, आणि झालं ते घंटीवरून. कोल्ड रूममध्ये कुणी अडकलं तर आतून दाबायला बटण लागतं, म्हणजे बाहेर घंटी वाजते. गौतमीनं बटण भिंतीवर मुद्दाम अगदी खाली बसवलं होतं, पडलेल्या माणसाचाही हात पोचावा म्हणून. दारावर तांबडी घंटीही लावली होती. पण मधली तार कमी पडली. घंटीखाली तारेची दोन टोकं मोकळीच लोंबत होती. दार आतून उघडायचा दांडाही दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरला यायचा होता.

"आज सही करा," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत कागद पाठवायचेत. सकाळी साहेब यायच्या आधी मी तार जोडते."

"घंटी वाजली की सही. आधी न्हाई."

"म्हंजी माझ्यावर इश्वास न्हाई."

"तुमच्यावर हाय. तारेवर न्हाई."

"राहू दे. तुम्ही पण त्या दोघांसारखेच निघालात." तिचा आवाज चिरकला. "जा तुम्ही."

"जातो," तो म्हणाला.

आपल्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात. तो शब्द तिच्या जिव्हारी लागला. ती पाठ फिरवून खोलीच्या मागं मशीनपाशी गेली आणि गेज बघत राहिली. काटा धूसर दिसत होता, आणि गेज चांगलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला. बरं झालं, ती मनात म्हणाली. मुळीच बरं झालं नव्हतं.

ती दारापाशी परत आली. राग नाकावर होताच, तरी सवयीनं तोंड उघडलं.

"आत कोण हाय का?"

...

"आत कोण हाय का?"

...

तिसरीला ती थांबली. कुणासाठी मारायची? जायचं ते गेलं. तिनं दार लोटलं, खटका पाडला, मशीन चालू केलं आणि विठाबाईंकडं पाणी प्यायला गेली. पाण्याचा चहा झाला. शिरूरला जाऊन तार आणायची होती आणि कागदाचं काय करायचं ते म्हाळूमामांना विचारायचं होतं. उद्या सकाळपर्यंत इकडं कुणी फिरकणार नव्हतं. तिनं तोंडाला स्कार्फ बांधला, स्कूटीला किल्ली लावली.

तेवढ्यात घंटी वाजली.

विठाबाईंच्या हातातला कप कलला. गौतमी उन्हातून धावत सुटली. दारावरची तांबडी घंटी थरथरत वाजत होती, आणि खाली तारेची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती, एकमेकांना न शिवता. तिनं खटक्याला हात घातला, आणि घंटी थांबली.

दार उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली. कोपऱ्यात सम्राट गुडघे छातीशी घेऊन बसला होता. ओठ निळे पडलेले, शर्टावरचा घाम गार झालेला, हातात मोजायची टेप.

"सम्राट... अरे, तू आत कसा?"

"तार किती कमी पडती ते मोजायला आलो." दातावर दात वाजत होते. "तुम्हाला कळू नये म्हणून गाडी पार लिंबाखाली लावली, चालत मागं आलो. म्हणलं, शिरूरवरनं आणून जोडून टाकावी, मग बोलावं तुमच्याशी. तुमची हाक आली. दुसरी पण आली. मी तिसरीची वाट बघत बसलो, आन्..."

"मी मारलीच न्हाई," ती म्हणाली.

तिनं त्याला ओढत उन्हात आणलं, आपला स्कार्फ त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळत राहिली. विठाबाई समोर उभ्या आहेत, याचंही तिला भान नव्हतं. उद्या सकाळी हे दार उघडलं असतं तर? ते पुढचं तिला मनातही बोलवेना.

"बटण दाबलंस ते बरं केलंस," ती पुटपुटली.

"पयल्यांदा दाबून बघितलं. तारच न्हाई, कशी वाजंल? मग दार बडवलं, वरडलो, आन् दमून त्या कोपऱ्यात जाऊन बसलो." तो थांबला. "वाजली का?"

दोघांनी मागं वळून उघड्या दारातून आत बघितलं. गार भिंतीवर दव धरलं होतं. खाली, बटणाशेजारी, दवात एक पंजा उमटलेला होता. सम्राट लडखडत गेला, त्यावर आपला हात धरून बघितला. त्याच्या तळव्यात तो पंजा सगळाच्या सगळा मावला. मग दवाचे थेंब ओघळले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बोटं एकेक करून पुसली गेली.

विठाबाई दारातच खाली बसल्या. "माझं बाळ गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते त्या कुणाला म्हणाल्या, ते कुणी विचारलं नाही.

"मी अर्ज मागं घेते," गौतमी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही. "ज्या बाईनं चालत्या मशिनीत माणूस कोंडला, तिला कसला परवाना?"

सम्राट परत उन्हात येऊन बसला. गालांवर हळूहळू रंग येत होता.

"आता जन्मात तुम्ही तिसरी हाक विसरणार न्हाई," तो म्हणाला. "मला असलाच ठेकेदार पायजे. चला, तार आणू. आन् मघाशी तुम्ही मला 'अरे तू' म्हणालात. ते मागं घ्यायचं न्हाई."

त्या संध्याकाळी तार जोडली. गौतमीनं स्वतः आत जाऊन बटण दाबलं, बाहेर सम्राटनं घंटी ऐकली, आणि मगच सही केली. सकाळी दांडा बसवून ती कागद हातात घेऊनच उभी राहिली, आणि उशीर का झाला असं साहेबांनी विचारल्यावर म्हणाली, "घंटी वाजत नव्हती, साहेब. काल माणूस अडकला होता." साहेब आत गेले, खाली वाकून बटण दाबलं, दांडा ढकलून दार आतून उघडून बघितलं.

"बटण एवढं खाली का?"

"पडलेल्या माणसाचा हात पोचावा म्हणून, साहेब."

"हं. लहान पोराचाही पोचेल," साहेब सहज म्हणाले आणि लिहू लागले. गौतमी आणि सम्राट एकमेकांकडं बघेनात.

परवाना आला तेव्हा आबांच्या रानात डाळिंबाचे क्रेट भरायला सुरुवात झाली होती. विठाबाईंनी नवऱ्याशी भांडून नदीकडचा कोपरा मोकळा ठेवला होता. तिथं क्रेट लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम. गौतमी पेढे द्यायला आली होती. सम्राट तिच्यासाठी पाटी रंगवून घेऊन आला होता, तिचं नाव मोठं आणि खाली 'परवानाधारक ठेकेदार'. ती खोलीच्या दाराकडं तोंड करून उभी राहिली आणि ती अक्षरं बोटानं चाचपत राहिली. मागं सम्राट उभा होता, आणि आज तो काही चिडवत नव्हता. त्याला काय म्हणायचंय, ते तिला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून ते निघेना, हेही ठाऊक होतं.

"गौतमी..."

मॅडम नाही. नुसतं नाव. तरी ती वळली नाही. आता नियम म्हणजे नियम.

"गौतमी..."

ही जरा हळू होती, कापरी. ती ओठ दाबून हसली. एक राहिली, तिनं मनात म्हटलं. मार की रे. एवढा काय घाबरतोस...

"गौतमी..."

"ओ," ती म्हणाली आणि वळली. "ओ दिली. आता बोल, काय ते. माझं उत्तर व्हय हाय. तू आधी विचार, मग मी परत व्हय म्हणते."

सम्राटच्या गालावर खळी पडली आणि लगेच विरली. तो पांढरा पडला होता.

"विचारतो. पण..." त्यानं दाराकडं बघितलं. "मी दोनदाच हाक मारली, गौतमी. तिसरीला धीर गोळा करत होतो."

उन्हात दोघं उभी राहिली. दार बंद होतं. आतून कसलाच आवाज नव्हता.

मग गौतमीनं त्याचा हात धरला, दारापाशी नेला, खटका उघडला आणि पुड्यातला एक पेढा काढून नदीकडच्या कोपऱ्यात ठेवला.

"ऐकली बरं का," ती आत बघून म्हणाली. "येतो आम्ही."