वाळूची एक गोणी

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर गुदरली तो लसाद माझा मावसभाऊ. खोटं रचण्याइतका उत्साह त्याच्यात आयुष्यात कधीच नव्हता.

रात्रसुद्धा नव्हती. रमजानमधली संध्याकाळ, आमचं स्फाक्स शहर, गाबेसच्या रस्त्यावरची गॅरेजांची गल्ली. रोजा सुटायला थोडाच वेळ राहिला होता. अशा वेळी या गल्लीत मांजरसुद्धा फिरकत नाही.

लसादचं काम गाड्यांचे गंजलेले, काजळलेले भाग हवेच्या जोराने साफ करायचं. इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमवर तो ऑलिव्हच्या बियांचा चुरा मारतो. गंजक्या लोखंडाला गार्नेट, म्हणजे लालसर खड्याची भरड.

वाळू नाही. कधीच नाही.

वाळूची बारीक धूळ छातीत जाते ती परत निघत नाही. त्याच्या उस्तादांनी, शेदलींनी, जन्मभर तोंडाला फडकं बांधून वाळू मारली. शेवटी बसल्या जागी धापा टाकत गेले. लसादच्या एक्स-रेवरही डाग आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता एकदाही वाळू नको. उरलंय ते पुरवून वापरा."

नेमकं तेव्हाच गार्नेट बंदरात अडकलं. आणि एका मासेवाल्याला त्याच्या पिकअपचा अ‍ॅक्सल ईदच्या आत हवा होता. खाऱ्या पाण्याने त्याच्या नुसत्या खपल्या झाल्या होत्या.

लसादचा मेहुणा आणि भागीदार मुन्जी बाजूच्या बांधकामावरून गोणी उचलून घेऊन आला.

वाळूची.

"दाजी, एकच तर अ‍ॅक्सल आहे."

"बियांच्या चुऱ्याने करतोय ना."

"सकाळपासून करताय. गंज हसतोय तुम्हाला."

"आणि माझी छाती?"

"मास्क आहे की!"

"त्याचं फिल्टर तू आणणार होतास. मागच्या महिन्यात."

 मुन्जी धर्माकडे वळला. "धूळ तोंडात गेली तर रोजा मोडत नाही. इमामसाहेबांना विचारलंय मी."

"छातीचं विचारलंस?"

"ते त्यांच्याकडे येत नाही."

लसाद हसलासुद्धा नाही. दिवसभर घशात पाणी नाही, त्यात हा. माणूस दर वेळी पटलं म्हणून हो म्हणतो असं नाही. बोलायचा कंटाळा येतो म्हणूनही म्हणतो.

"ओत," तो म्हणाला.

मुन्जीने अख्खी गोणी यंत्राच्या टाकीत रिकामी केली आणि गरम रोट्या आणायला पळाला. लसादने मागच्या बाजूला जाऊन कॉम्प्रेसर सुरू केला. परत आला...

ब्लास्टिंगच्या, म्हणजे हा मारा करायच्या पत्र्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

उघडं ठेवून गेला होता तो.

खुंटीवर हेल्मेट नव्हतं.

आणि आतून आवाज येत होता... सर्रर्र... सर्रर्र...

लोखंडावर वाळू.

लसादला वाटलं, मुन्जीला लाज वाटली असणार. स्वतःच गेला आत. खरं तर शंका यायला हवी होती, कारण मुन्जीला लाज वाटल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण आपल्याऐवजी दुसरं कुणी राबतंय, याचंच त्याला इतकं बरं वाटलं की एक डबा पालथा घालून तो टेकला. डोळे मिटले.

मग सर्रर्र क्षणभर थांबली... खोकला.

कोरडा. लांबलेला. शेवटी शिट्टीसारखा.

लसादने डोळे उघडले.

असं खोकणारा एकच माणूस त्याला माहीत होता.

धप्प... धप्प.

पत्र्यावर दोन थापा. आतून.

मारा चालू असताना आतला माणूस कितीही ओरडला तरी बाहेर ऐकू जात नाही. म्हणून उस्ताद शेदलींनी खूण ठरवली होती. दोन थापा, म्हणजे हवा बंद कर. लसादने तरुणपण सगळं त्या थापांकडे कान लावून काढलं होतं. डोकं काही म्हणायच्या आत हाताने व्हॉल्व्ह बंद केला.

शांतता.

"दाजी, कुणाला लावलंत कामाला?"

मुन्जी.

मागे. रस्त्यावर. काखेत रोट्यांचं पुडकं.

 लसादने नुसतं दाराकडे बोट केलं. मुन्जीने दार ढकललं...

आत कुणी नव्हतं.

हेल्मेट जमिनीवर पडलं होतं. लसादने उचललं. आतून ओलं होतं. आणि कोमट.

अ‍ॅक्सल होता तसाच. गंजाची एक खपली निघाली नव्हती. टाकी मात्र रिकामी. आणि जमिनीवर वाळूचा एक कण नाही.

"गोणीभर होती, दाजी," मुन्जी कुजबुजला. "गेली कुठे?"

 लसादचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला.

रोजा सुटल्याची तोफ झाली. दोघांनी रस्त्यावर उभ्यानेच खजूर खाल्ले. बियासुद्धा थुंकायचं सुचलं नाही.

मासेवाल्याची ईद पिकअपशिवाय गेली. त्याने मासळीबाजारभर शिव्या घातल्या. गार्नेट ईदनंतर आलं. पुढच्या वर्षी एक्स-रे काढला तर डाग तेवढाच. मुन्जी आता वाळूचं नाव काढत नाही. फिल्टर न सांगता आणतो. या घटनेतला हा भाग लोकांना सगळ्यात खोटा वाटतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण संध्याकाळी दार ओढून घेतलं की लसादला आतून तोच खोकला ऐकू येतो. थापा नाहीत. नुसता खोकला. दमलेल्या माणसाचा.

म्हणून निघताना तो आत पाण्याचा ग्लास ठेवतो. वर झाकण.

सकाळी झाकण जागच्या जागी असतं. पाणीही तेवढंच.

फक्त तळाशी... चिमूटभर वाळू असते.

मी स्वतः पाहिली आहे. लसाद ग्लास विसळतो, पुन्हा भरून ठेवतो.

"अख्खी गोणी होती रे," तो म्हणतो. "चिमटीचिमटीने म्हातारा कधी मोकळा व्हायचा..."