पाठीवरची कविता

मेडिकलवाल्याने मोठ्या डायपरचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि माझ्या शेजारच्या माणसाने ते उचललं. देखणा होता, खोटं कशाला बोलू? नाशिकची थंडी ऐन भरात होती. त्याने कानाला मफलर गुंडाळला होता आणि डोळे जागरणाने लाल झाले होते. मी उगाचच तोंड घातलं.

"बाळ केवढं आहे?"

"ऐंशीच्या पुढचं," तो म्हणाला. "दात पडलेत, पण चावतं."

मी इतकी ओशाळले की बास. तो मात्र हसला... बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा. तेवढ्यात मेडिकलवाला म्हणाला, "दिनेशभाऊ, रावजी सरांचं मलम राहिलं," आणि मी सरळ त्याची बाहीच धरली.

"रावजी सर? म्हणजे कवी रावजी दोंदे?"

"हो. माझे वडील," तो बाहीकडे बघत म्हणाला. "तुम्ही कोण?"

मी चैताली. पेठकडची, आश्रमशाळेत शिकलेली, आता नाशकात पीएच.डी. करतेय. विषय — आधुनिक कवितेतलं म्हातारपण, पडझड आणि नवी पालवी. हा विषय ऐकून आलेली स्थळं आल्या पावली परत गेली होती. म्हातारपण आणि पडझड मी भराभर लिहून काढली, पण पालवीचं प्रकरण कोरं पडलं होतं. माझ्या गाईड संध्या मॅडम सारख्या म्हणायच्या, "मरण फार झालं गं, कुठे काही उगवतंय का ते बघ." आणि रावजी सरांनी तर लिहिणं केव्हाच सोडलंय, असं सगळे सांगायचे.

"ते अजून कविता करतात?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"करतात," तो म्हणाला. "तोंडी सांगतात, मी लिहून घेतो. रविवारी या ना."

मी गेले. मग दर रविवारी जायला लागले. नाशिकच्या उपनगर भागात एका कॉलनीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. आई वारलेली. दिनेश ओझरकडे एका कारखान्यात फिटर; तो कामावर असला की शेजारच्या कुसाबाई सरांकडे बघायच्या. सर भिंतीकडेच्या पलंगावर पडलेले असत. डेटॉल आणि लघवीचा वास त्या खोलीतून कधी गेला नाही. त्यांना बसता येत नव्हतं, मानसुद्धा नीट वळत नव्हती. कधी मला बायकोच्या नावाने हाक मारायचे, कधी भरवलेला घास थुंकून द्यायचे. आणि दिनेश निमूट पुसायचा.

पुसून झालं की पलंगाच्या कडेला बसून म्हणायचा, "बाबा, परवा तुम्ही सांगितलेली वाचू?" सर डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "हं." मला तेवढं पुरे होतं. मी लिहून घ्यायचे, तो आत जाऊन चहा टाकायचा.

"यात साखर नाहीये," मी एकदा म्हणाले.

"आहे. तुम्ही ढवळला नाहीत. लक्ष कुठे आहे?"

"कवितेकडे."

"कवी तिकडे झोपलाय, मॅडम. तुम्ही इकडे बघताय."

मी कप तोंडाला लावला, म्हणजे चेहरा झाकता येतो. काय सांगू, त्या उदास खोलीत मी पावडर लावून जायला लागले होते.

त्या थंडीत मला हवी होती ती कविता मिळाली.

*पाठीच्या खाली एक लाल डबकं,*
*मधे काळं, कुजलेलं.*
*पण काठाकाठाने बघ —*
*तांदळाच्या कणीएवढी*
*नवी कातडी येतेय, गुलाबी.*
*ती कुणाला विचारून येत नाही.*

मी ती चर्चासत्रात वाचली. भरल्या सभागृहात सांगितलं की हा म्हातारा कवी स्वतःच्या कुजणाऱ्या देहात पालवी बघतोय. टाळ्या पडल्या. संध्या मॅडम म्हणाल्या, "झालं तुझं प्रकरण." मी हवेत होते.

पुढच्या रविवारी कुसाबाई गावाला गेल्या होत्या. दिनेश म्हणाला, "जरा मदत करता? कूस बदलायचीय. तुम्ही खांदा धरा." मी खांदा धरला. काय हलकं शरीर ते. त्याने सदरा वर केला आणि मी पहिल्यांदा ती जखम पाहिली. मधे काळी, कुजलेली. आणि काठाला अगदी कणीएवढी गुलाबी कातडी.

मी बघतच राहिले. मान न वळणाऱ्या माणसाला स्वतःची पाठ दिसते कशी? एवढी शिकलेली मी, कित्येक दिवस त्या ओळी घोकत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ही जखम पलंगावर पडलेल्याला दिसतच नाही. ती दिसते पुसणाऱ्याला.

"दिनेश, ही कविता कुणाची आहे?"

त्याने जखमेवर पट्टी नीट बसवली. मग खाली बघत म्हणाला, "माझी. सगळ्याच माझ्या. त्या दिवशी मेडिकलमध्ये नाही म्हणालो असतो, तर तू निघून गेली असतीस."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तेही असं.

"मी भर सभेत वाचली ती! माझं प्रकरण, माझं नाव... तुला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. दर रविवारी वाटली. पण तू यायचीस. आणि बाबांना वाटायचं, त्यांना अजून सुचतंय. घरात तेवढंच एक बरं चाललं होतं, चैताली."

तो मळलेल्या पट्ट्यांचं भांडं घेऊन मोरीकडे गेला. मी पर्स उचलली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाही राग येत होता. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं.

"भांडू नको," सर म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ होता. "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे, सर?"

"माझ्या नाहीत त्या. माझ्या इतक्या चांगल्या नव्हत्या." त्यांना धाप लागली. "मी हं म्हणतो, म्हणून तो बसतो जवळ. नाहीतर भरवतो, पुसतो नि उठून जातो... त्याला सांगू नको. मी असेपर्यंत."

मी पर्स खाली ठेवली. मॅडमना फोन करून खरं सांगितलं आणि प्रकरण मागे घेतलं. सबमिशन लांबलं, बोलणी खाल्ली. दिनेशशी मी धड बोलत नव्हते, पण रविवार एकही चुकवला नाही. तो वाचायचा, सर हं म्हणायचे, आणि त्या दोघांमधलं सगळं माहीत असलेली मी मुकाट्याने चहा पीत बसायचे.

ती गुलाबी कातडी पुरी पडली नाही. जखम आत उतरली, ताप चढला आणि चैत्रात सर गेले.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळी कॉलनी जमली. दिनेशने त्या कविता वडिलांच्याच नावाने छापायचं ठरवलं होतं. मी अडवून बघितलं, तर म्हणाला, "बापाला एवढं तरी देऊ दे मला." बुद्धवंदना झाली, आणि माईकवरून सांगितलं गेलं, की रावजी सरांची शेवटची कविता चैतालीताई वाचतील.

मी उभी राहिले. आधी त्याला एकट्याला सांगितलं असतं, तर त्याने मला गप्प बसवलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

"ही कविता सरांची नाही," मी म्हणाले. "त्यांनीच मला सांगितलंय. म्हणाले, माझ्या इतक्या चांगल्या नव्हत्या. ही दिनेशची आहे, आणि सरांना ते ठाऊक होतं. तो जवळ बसावा म्हणून ते हं म्हणायचे."

दिनेश पाण्याचा जग घेऊन उभा होता. तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. कुसाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "लय बेरकी होता गं म्हातारा." कविता कुणीच वाचली नाही.

मंडप रिकामा झाल्यावर तो खुर्च्या एकावर एक रचत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. आणखी एक खुर्ची रचून म्हणाला, "नाही... माहीत नाही."

"मी पण रागावलेय. मला फसवलंस. पण मला तू आवडतोस, दिनेश. जातीचं पेठला आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तुझ्या मनात काय आहे, ते आता तरी स्वतःच्या नावावर बोल."

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "आणि मला बाबा हवे होते."

मी त्याचा हात धरला. कॉलनीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या. बघू देत.