नकली ओघळ

रूट बिअरचे दोन ग्लास सांभाळत रोझलिन परत आली, तर तिच्या गाडीखालून कुणाचे तरी दोन पाय बाहेर आलेले होते.

"ओ मिस्टर! काही हरवलंय का तुमचं?"

"हरवलं नाही…" खालून आवाज आला. "सापडलंय. एक मिनिट हं."

पाय हलले, मग गुडघे आले, आणि शेवटी केसांत गवत अडकलेला एक हसरा, गोंधळलेला तरुण बाहेर आला. गालावर ग्रीसचा डाग. आणि गळ्यात परीक्षकाचा बिल्ला! तो पाहिला मात्र, रोझलिनने दोन्ही ग्लास गवतावर ठेवले.

"वेस्ली हार्टसफ," त्याने हात पुढे केला, तो ग्रीसने काळा झालाय हे पाहून मागे घेतला, पँटला पुसला आणि पुन्हा पुढे केला. "तुमची गाडी माझ्याकडे आली आहे… तपासायला."

मिशिगनमधल्या सॅगिनॉ नदीकाठच्या त्या बागेत दर जुलैत जुन्या दणकट गाड्यांचा मेळा भरे, आणि दर जुलैत तिथे एक भांडण होई. सत्तर सालची नाइटहॉक गाडी नारिंगी रंगात कधी आलीच नाही, असं मेळा भरवणारे क्लबवाले ठासून सांगत. रोझलिनचे जाजा म्हणजे आजोबा, कॅसिमिर नोविकी, तितकंच ठासून सांगत, "मी ती दुकानातून नारिंगीच घेतली!" रंगाचा आकडा कोरलेली पट्टी केव्हाच गंजून गळून पडली होती, त्यामुळे पुरावा नाही. लोक तोंडावर हसत नसत, पण जाजाची पाठ वळली की हसत. ते रोझलिनला सहन होत नसे. तिनं गाडी बाहेरून नव्याने रंगवून यंदा रीतसर तपासणीला लावली. जाजा चौऱ्याऐंशीचे झाले होते, जिना चढताना थांबू लागले होते. 'अस्सल' हा शब्द त्यांच्या कानावर पडायचा तर आत्ताच पडायला हवा होता.

"मग? काय सापडलं?" तिनं हनुवटी वर करून विचारलं.

"मागच्या पत्र्याखाली रंगाचे तीन ओघळ आहेत. दोन लांब, एक आखूड. आखूडवाला डावीकडे वळलेला."

"असणारच! कारखान्यात घाईघाईत रंग मारायचे, तो ओघळायचा. मी गाडी रंगवली तेव्हा तेही जसेच्या तसे केले. सुईच्या टोकाने, कित्येक शनिवार खपून!"

"जसेच्या तसे… कशावरून?"

"क्लबच्या मासिकात एका निळ्या नाइटहॉकचा फोटो आला होता. अस्सल नमुना म्हणून. दोन वर्षं तो माझ्या गॅरेजच्या भिंतीवर होता. सकाळी उठल्यावर आधी त्याचं दर्शन, मग कॉफी."

वेस्लीचे कान लाल झाले. "ती गाडी… माझी आहे."

"काय सांगता!"

"आणि ते ओघळ कारखान्याचे नाहीत. माझे आहेत. रंगाचा डबा घेऊन खाली झोपलो होतो आणि… शिंक आली."

रोझलिन बघतच राहिली. म्हणजे इतके शनिवार, डोळे फोडफोडून, आपण याच्या शिंकेची नक्कल करत होतो? तिला हसू आवरेना. तोही हसायला लागला. खुर्चीवर पेंगणाऱ्या जाजांनी टोपी वर करून पाहिलं आणि पुन्हा डोळ्यांवर ओढली.

"गुण जाणार हं तुमचे," तो डोळे पुसत म्हणाला. "माझेही जाणार. मुख्य परीक्षक डोरीनबाईंना आजच सांगणार आहे, माझा अस्सल नमुना किती अस्सल आहे ते."

"स्वतःहून सांगणार?"

"मग काय, पुढच्या वर्षी आणखी चारजण माझी शिंक रंगवून आणतील!"

त्याचं हसणं तिला आवडलं. आणि ते आवडलं म्हणूनच पुढचा प्रश्न जास्त टोचला.

"पण रंगाचं काय?" तो हळूच म्हणाला. "पुढच्या सीटच्या पायाशी ते काळं झाकण आहे ना, त्याच्यामागचा पत्रा कारखान्यानंतर कुणी रंगवत नाही. तुम्ही उघडून पाहिलंच असेल…"

रोझलिनने नजर वळवली.

"नाही पाहिलं?"

"चार तर स्क्रू आहेत," ती पुटपुटली. "शंभरदा हात तिथवर गेला. पण आत दुसराच रंग निघाला तर? तर जाजा आयुष्यभर खोटं… बंद आहे तोवर निदान आशा तरी आहे हो."

"उघड गं पोरी," मागून जाजांचा आवाज आला. झोपले नव्हते तर! "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

तेवढ्यात नदीवरून सर आली. तंबूवाल्यांची पळापळ झाली, खाण्याच्या टेबलांवर चेरी पाय ताटांनी झाकले गेले. रोझलिन आणि वेस्ली गाडीत शिरले. जाजा मात्र छत्री उघडून खिडकीशी उभे राहिले, हलायला तयार नाहीत.

आत जुन्या रेक्झिनचा वास होता आणि टपावर पावसाचा ताशा. दोघं पायाशी वाकले, डोक्याला डोकं लागत होतं. तीन स्क्रू निघाले. चौथा हटून बसला. वेस्लीने तिच्या हातावर हात ठेवून जोर दिला… स्क्रू सुटला, पण त्याचा हात उगाच थोडा वेळ तिथेच राहिला. तिनंही हलवला नाही.

"तुम्ही बघा आधी," तो म्हणाला.

तिनं डोळे घट्ट मिटले. "मला नाही जमणार. तूच बघ."

झाकण निघाल्याचा आवाज आला. मग टॉर्चची कळ. मग काहीतरी खरवडल्याचा आवाज.

"अरे, बोल की! जीव जातोय माझा!"

"थांब गं… घासून पाहतोय. वर नारिंगी. त्याखाली कारखान्याचं करडं अस्तर. त्याखाली पत्रा." त्याने टॉर्च आणखी जवळ नेला. "मधे काहीच नाही, रोझलिन. ही पहिल्यापासून नारिंगीच आहे."

ती एकदम रडायला लागली, रडता रडता हसायला लागली आणि त्याच्या गळ्यात पडली. त्या भरात त्याचं डोकं डॅशबोर्डवर दाणकन आपटलं, पण तक्रार करण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

मग तो तसाच पावसात धावत गेला आणि डोरीनबाईंना घेऊन आला.

"पाहिलंस ना तू? मग कर सही," बाई कुरकुरल्या. "मला कशाला भिजवतोस?"

"मी नाही करू शकत. तुम्हीच तपासा. आपला नियम आहे ना… आपल्या माणसाची गाडी आपण तपासायची नाही."

बाईंनी चष्म्यावरून आधी त्याला पाहिलं, मग रोझलिनला. "ही तुझी कोण लागते?"

"अजून कोणीच नाही," वेस्ली म्हणाला आणि बुटांकडे बघू लागला.

रोझलिनला कुठे बघावं कळेना. डोरीनबाई मात्र भिंग काढून आत शिरल्या. या बाईंनी भल्याभल्यांच्या गाड्या नकली ठरवल्या होत्या. आतून नुसतं "हं… हं…" ऐकू येत होतं. जाजा छत्री घेऊन खिडकीशी आणखी वाकले.

बाई कण्हत बाहेर आल्या आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अस्सल आहे! कॅसिमिर, क्लबतर्फे माफी मागते मी तुझी."

जाजा खुर्चीत बसले, छत्री मिटली आणि भर पावसात मोठ्याने म्हणाले, "हुश्श! सुटलो बाबा!"

"सुटलो म्हणजे?" रोझलिन चमकली. "जाजा, तुम्हाला खात्री नव्हती?"

"कुठली खात्री! घेतली तेव्हा गाडीला ओल्या रंगाचा वास येत होता. दुकानदारानेच रंगवून गळ्यात मारली की काय, ही धाकधूक कायम होती मला."

"मग इतकी वर्षं सगळ्यांशी भांडलात कशाला?"

"तुझ्या आजीला फिरवायला नेलं होतं हिच्यातून. म्हटलं, कारखान्यातून अशी आलेली मिशिगनमध्ये ही एकच, तशी माझ्यासाठी तूही एकच. त्यावर लग्नाला हो म्हणाली ती." जाजांनी ओला चेहरा पुसला. "सगळा संसार माझ्या एका थापेवर उभा आहे, असं वाटायचं गं मला. थाप नव्हती ती. आता तिच्या थडग्यापाशी जाऊन तोंड वर करून सांगतो."

रोझलिनने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. 

सर ओसरली. वेस्ली गाडीला टेकून उभा होता, जायला निघाल्यासारखा आणि न निघाल्यासारखा.

"एक विचारू?" ती जवळ गेली. "झाकणामागे दुसरा रंग निघाला असता तर?"

"तसंच सांगितलं असतं." त्याने बुटाने चिखल उकरला. "मग तू माझ्याशी पुन्हा कधी बोलली नसतीस. स्क्रू काढताना माझ्या मनात तेवढंच… म्हणजे, मला तू फार आवडलीस, रोझलिन."

"बोलले असते," ती म्हणाली. "आठवडाभर रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या आणि मग बोलले असते. जाजांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलला असतास, तर मात्र नसते बोलले."

तिनं त्याचा काळा, ओला हात हातात घेतला. जाजांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि या वेळी ते खरोखरच झोपी गेले.