उसनं मनगट

दुपारची जेवणं आटोपली, तशी उर्मिला मागाशेजारच्या फळीपाशी गेली आणि तिने मनगट पांढऱ्या डबीला टेकवलं. येवल्यातल्या त्या घरात बाकी सगळं पैठणीचं होतं : रेशमाच्या लडी, कांड्या, जर. त्यात ही डबी गेल्या आठ दिवसांपासून नको असलेल्या पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली होती. तिच्यात उर्मिलाच्या वेदनाशामक गोळ्या होत्या, आणि त्यांचं कुलूप तिच्या मनगटावरची पट्टी उघडायची. कातडीखालचे सूक्ष्म विद्युतप्रवाह, नाडी आणि घामातली रसायनं वाचून पट्टी ती डबीला कळवायची. गोळी द्यायची की नाही, ते डबी ठरवायची आणि प्रत्येक नोंद थेट डॉक्टरांच्या फोनवर पाठवायची.

डबीवर रोजचाच शब्द उमटला : भयवेदना. तीव्रता सहा. कुलूप उघडलं नाही.

"मेली सवत!" असं पुटपुटून उर्मिलाने डबीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

अडीच वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, किरणं झाली आणि ती बरी झाली. पाहुणे पेढे खाऊन गेले. डावा हात मात्र खांद्यापासून कोपरापर्यंत ठणकत राहिला. आधी दिवसाला एक गोळी पुरायची, मग दोन लागल्या, मग चार. तेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉ. फरीदा तांबोळींनी तिला ही डबी दिली. जखमेतून उठते ती ऊतकवेदना, दुखावलेल्या नसांमधून येते ती चेतावेदना. या दोन्हींसाठी डबी लगेच उघडायची. तिसरी भयवेदना. तिच्यासाठी डबी दिवसाच्या ठरलेल्या गोळ्या सकाळीच द्यायची, त्याही दर आठवड्याला थोड्या कमी करत.

"दुखणं खरंच आहे, उर्मिलाताई," डॉक्टरांनी तीन-तीनदा सांगितलं होतं. "हात तेवढाच ठणकतो. फक्त ते उठतं भीतीतून. गोळी त्याला तासभर झोपवते, पण मुळाला हात लावत नाही."

उर्मिलाच्या कानांनी मात्र एवढंच ऐकलं की बाई नाटकं करते. नवऱ्याला, दिगंबरला, हे कळलं तर? अडीच वर्षं त्याने डबे भरले, कपडे धुतले, आणि ते सगळं एका नाटकासाठी? या विचाराने तिला ठणक्याहून जास्त त्रास व्हायचा. तिने त्याला सांगून टाकलं होतं की डबीचं कुलूप बिघडलंय.

आता तो जेवून सतरंजीवर आडवा झाला होता, गुडघ्याखाली उशी घेऊन. दिगंबरचे गुडघे गल्लीत प्रसिद्ध होते. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्याचे गुडघे दुखणार नाहीत तर काय? जिना चढताना तो असा कण्हायचा की वरच्या मजल्यावरची मंडळी दार उघडून ठेवायची.

तिच्या मनात जो विचार आला, तो फक्त विणकरणीच्याच मनात येऊ शकतो. पैठणीवर दोघं शेजारी बसतात. एकाचा हात अवघडला की दुसरा कांडी घेतो, आणि कोणाची वीण कुठे संपली हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. एका साडीला दोघांचे हात चालतात, मग एका डबीला दोघांचं मनगट का चालू नये?

तिने अलगद आपली पट्टी सोडली, घोरणाऱ्या दिगंबरच्या मनगटाला बांधली आणि डबी त्याच्या हाताशी नेली.

भयवेदना. तीव्रता नऊ.

उर्मिलाने डबी हलवून पाहिली. पुन्हा नऊ. इतक्यात फोन वाजला.

"उर्मिलाताई," डॉ. तांबोळी विचारत होत्या, "पट्टी कोणाला बांधलीत? ही नाडी तुमची नाही."

चोरी पकडली गेली होती. "यांना बांधली," ती म्हणाली. "म्हटलं, यांचे गुडघे तरी खरे दुखतात."

फोनच्या आवाजाने दिगंबर उठून बसला. त्याने आधी मनगटाकडे पाहिलं, मग डबीवरच्या शब्दाकडे, मग बायकोकडे. "हे काय गं?"

"फोन स्पीकरवर घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "दिगंबरराव, गुडघे कधीपासून दुखतात?"

"कधीपासून म्हणजे... मागावर बसून बसून..."

"नीट आठवून सांगा."

दिगंबरने उशी बाजूला सारली. "हिचं ऑपरेशन झालं तेव्हापासून." मग तो उर्मिलाकडे न बघता म्हणाला, "एक्स-रे काढला होता मी. काही निघालं नाही. लाज वाटली, म्हणून बोललो नाही. आजारी तू अन् कण्हणार मी!"

"कशाची भीती वाटते तुम्हांला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दर तीन महिन्यांनी हिची तपासणी असते. मी तीन महिन्यांच्या वरचं काम घेतच नाही, डॉक्टर. बायका येतात, पदरभर मोर मागतात, वर्षभराची साडी सांगतात. मी नाही म्हणतो."

उर्मिला उठून उभीच राहिली. "म्हणून तुम्ही नाही म्हणायचात? मला वाटलं, माझा हात कामातून गेला! तोंडावर बोलवत नाही म्हणून तुम्ही साध्या बुट्टीच्या साड्या घेता."

"तुझ्या हाताला कोण काय म्हणतंय?" दिगंबरचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. "मध्येच तू नसलीस, तर मागावरची अर्धी साडी घेऊन मी काय करू?"

उर्मिला रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. नाटकी तर नाटकी, घरात आता दोघं होते! अडीच वर्षांत तिला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"मी अजून फोनवर आहे बरं का," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "गुरुवारी दोघंही या. समुपदेशक आहेत, तुमच्यासारखी आणखी जोडपी आहेत. हाताचे व्यायाम शिकवू. गोळ्या हळूहळूच कमी करू, एकदम तोडायच्या नाहीत. आणि पट्टी ज्याची त्याने बांधायची."

दोघं गुरुवारी गेले, आणि पुढच्याही गुरुवारी. सुरुवातीला दिगंबर तिथे फक्त चहा प्यायचा. चौथ्या खेपेला तो इतका बोलला की त्याला थांबवावं लागलं. उर्मिलाची चौथी गोळी सुटली, मग तिसरी. महिन्याभराने एक बाई पदरभर मोर मागायला आल्या. काम चौदा महिन्यांचं होतं. दिगंबरने उर्मिलाकडे पाहिलं, उर्मिलाने मान हलवली, आणि मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढला.

तिमाही तपासणीचा अहवाल स्वच्छ आला. दोघांचा जीव भांड्यात पडला. पण बसस्थानकाच्या बाकावर टेकताच उर्मिलाचा खांदा ठणकायला लागला. हे तिला नवं नव्हतं. अहवाल चांगला आला की ती दरवेळी जास्त गोळ्या घ्यायची, कारण आजचा दिवस सुटला की पुढच्या खेपेची धास्ती तिथूनच सुरू व्हायची. शेजारी दिगंबर गुडघा चोळत होता.

तिने त्याचा चोळणारा हात धरला. "अहो, खरं सांगा. आत्ता किती भीती वाटतेय?"

दिगंबरने हात सोडवून घेतला नाही. बस फलाटाला लागली, लोक धावले, ही दोघं मात्र बसून राहिली.

"बरीच," तो म्हणाला. "अन् तुला?"