खरवडलेली रेघ

कॅराव्हॅन पार्क म्हणजे काय, हे लेकीने प्रथम सांगितले तेव्हा बाई मनापासून हसल्या होत्या.

"म्हणजे लोक घराला चाकं लावून येणार, आणि पाणी नि वीज आपण त्यांच्या दाराशी नेऊन ठेवायची! ही तर जावयाची बडदास्त झाली."

"जावयापेक्षा बरं गं, आई. चार दिवसांत निघून तरी जातात," असे म्हणत लेकीने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

बाई पाणीपुरवठा खात्यातून नकाशाविभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या होत्या. हाताखालच्या माणसांनी त्यांचे नाव 'रेघबाई' ठेवले होते; ते त्यांना ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते. रेघबाईंच्या नकाशात जी रेघ आहे ती जमिनीखाली असणारच आणि जी नाही ती नसणारच, असे खात्यात मानले जाई. लेकीनेही हाच मार्ग धरला. तिने स्वतःची कचेरी थाटली, आणि टेकडीखालच्या मोकळ्या मैदानावर बावीस गाड्यांची सोय करण्याचे हे तिचे पहिले मोठे काम होते. प्रत्येक गाडीसाठी छातीइतक्या उंचीचा एक खांब, खांबावर नळ आणि विजेची जोडणी, पायथ्याशी सांडपाण्याचे तोंड.

बाईंनी तो आराखडा शाळेतली वही तपासावी तसा तपासला. पाण्याचा चर आणि केबलचा चर एकमेकांपासून दूर सरकवायला लावले. "बावीस घरांचे गिझर एकदम लागत नाहीत, हे तुमचं गणित पुस्तकात ठीक आहे. थंडीच्या सकाळी सगळी माणसं सारखीच वागतात. केबल एक माप जाड घे."

लेकीने मुकाट्याने ती दुरुस्ती केली आणि सहज विचारले, "खाली जुनं काही नाही ना? नाहीतर आधी दोन-तीन खड्डे घेऊन बघते."

"त्या मैदानाचा नकाशा माझ्या हातचा आहे," बाई म्हणाल्या. "खाली काही नाही."

लेकीने खड्डे घेतले नाहीत.

पाइप पडले, केबल पडल्या, चर बुजले. बावीसही नळ घट्ट बंद करून मैदानाच्या तोंडाशी असलेला मुख्य मीटर पाहण्याची चाचणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक मिस्त्रीला घेऊनच घरी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"दिवसभर मीटर ढिम्म हलत नाही. दुपारी चार वाजले की फिरतो. रोज."

"बाई, एकेक जोड मी हाताने चाचपलाय," मिस्त्री दारातूनच म्हणाला. "गळती असती तर चोवीस तास गळली असती. ही घड्याळ बघून गळते."

"गळतीला घड्याळ नसतं, मिस्त्री," लेक म्हणाली. "जोड कच्चा आहे. परवा तपासणी आहे, आणि त्या कागदावर सही माझी आहे, तुमची नाही. माझा परवाना जाईल."

"वीस वर्षं पाइप जोडतोय, ताई. कच्चं काम माझ्या हातून होत नाही."

बाईंनी वाद तोडला. "पाणी किती जातं?"

लेकीने वही उघडली. "आधी बावीस लिटर. जरा थांबतं. पुढे बारा. पुन्हा थांबतं. नंतर सात. आणि शेवटी जेमतेम पाव लिटर."

"कोणी नळाखालची भांडी सरकवावीत ना, तसं," मिस्त्री म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याने ओशाळून हसला.

बाई हसल्या नाहीत. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

तेहतीस वर्षांपूर्वी त्या मैदानावर एक चाकांवरचे घर येऊन थांबले होते. चाकाचा आस मोडला होता. आत एक बाई, तिचा नवरा आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू. दया येऊन बाईंनी मुख्य वाहिनीवरून एक बारीक पाइप त्यांना तोंडी हुकमाने काढून दिला. परवानगी घेतली नाही, मात्र नकाशावर शाईने रेघ तेवढी काढली. पाणी दुपारी चारला येई. ती बाई नळाखाली भांडी ओळीने मांडे: मोठे पातेले, दोन डबे, आणि शेवटी कान तुटलेला एनॅमलचा पांढरा कप. तो सासूचा.

पुढे वरिष्ठ साहेब विनापरवाना जोडण्या शोधायला येणार, अशी बातमी आली. बाईंनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बंद केला आणि त्यावर माती लोटली. कचेरीत येऊन, ट्रेसिंग कागदावरची चुकलेली शाई काढतात तशी, ती रेघ त्यांनी अर्ध्या ब्लेडने खरवडली आणि कागद नखाने घोटून गुळगुळीत केला. तिसऱ्या दिवशी ती बाई कचेरीत आली. साहेब समोरच बसले होते.

"बाई, निदान कपभर तरी सोडा. म्हातारं माणूस आहे."

"तिथे नळच नाही," बाई म्हणाल्या होत्या.

तपासणी आठ दिवस चालली. त्या वर्षातले सर्वांत कडक ऊन त्याच आठ दिवसांत पडले. नवव्या दिवशी बाई मैदानावर गेल्या, तेव्हा घर जागच्या जागी होते आणि दार उघडे होते. आत अंथरुणे नीट घातलेली. माणूस एकही नाही. नळाखाली चार कोरडी भांडी ओळीने मांडलेली. पुढे कोणी काही विचारले नाही. त्याच वर्षी बाईंना बढती मिळाली.

यातले एक अक्षर त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघाले नाही. लेकीने मिस्त्रीला त्यांच्यादेखत कामावरून कमी केले. जाताना मिस्त्रीने बाईंना वाकून नमस्कार केला. त्याच्याकडे पाहणे त्यांना जमले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमनचा फोन आला. अकराव्या खांबावर एका दिव्याएवढा विजेचा भार दिसत होता. खांबाला काहीही जोडलेले नव्हते.

"गाडी काढ," बाई लेकीला म्हणाल्या.

मैदानावर ऊन तापले होते. बाई नकाशा न उघडता अकराव्या खांबामागे चौदा पावले चालत गेल्या आणि काठी टेकवून उभ्या राहिल्या. "इथे खणा."

हातभर खाली जुना व्हॉल्व्ह लागला. गंजून दगड झालेला, घट्ट बंद. त्याच्या पुढचा पाइप दीड फुटावर तुटलेला होता. वायरमनने आत विजेरीचा झोत टाकला. पाइपात कोळ्याचे जुने, अखंड जाळे होते.

"इथून थेंबसुद्धा गेलेला नाही," लेक म्हणाली. तिने वायरमनला मीटरपाशी पाठवले.

चारला त्याची हाक आली. "ताई, फिरतोय!"

समोर काही नव्हते. वाळलेले गवत होते.

आणि रिकाम्या पातेल्यात पाण्याची धार पडण्याचा आवाज होता. अगदी जवळ. पातेले भरत जाते तसा तो आवाज भरत गेला.

थांबला. दगडावर धातू सरकला.

पुन्हा धार. पुन्हा थांबली.

पुन्हा.

शेवटची धार एवढीशी. कपात मावेल एवढी.

लेक आईकडे वळली. "तुला कसं माहीत, आई? इथे व्हॉल्व्ह आहे म्हणून?"

घरी आल्यावर तिने या कामासाठी खात्यातून आणलेला मैदानाचा जुना ट्रेसिंग कागद काढला आणि खिडकीच्या काचेवर धरला. मावळत्या उन्हात एक बारीक पट्टी इतर कागदाहून अधिक चकाकत होती.

"नखाने घोटलंयस," ती हळूच म्हणाली. असे घोटायला तिला बाईंनीच शिकवले होते.

बाईंच्या मनात तीन वाक्ये तयार होती. तो व्हॉल्व्ह उघड. ती रेघ पुन्हा काढ. मिस्त्रीला परत बोलाव. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या त्या जिभेवर तिन्हींपैकी एकही येईना.

"नको बोलूस," लेक म्हणाली. "तुझं नाव आहे ते. आणि आता माझंही." दुपारी मैदानावरच संगणकावरच्या नकाशात तिने तो व्हॉल्व्ह आणि पाइप नोंदवला होता. तिने एक कळ दाबली. रेघ गेली. ना ब्लेड, ना नख. "खड्डा बुजवायला सांगते. कोणी विचारलंच, तर तिथे काही नव्हतं."

स्वर थेट बाईंचा होता.

याच क्षणी बोलायला हवे होते. बाई म्हणाल्या, "चहा टाकू?"

तपासणीच्या दिवशी मीटर हलला नाही. चार वाजले, चार वाजून दहा मिनिटे झाली, तरी हलला नाही. अकराव्या खांबावरचा भारही नाहीसा झाला होता. कागदावर सह्या झाल्या. वायरमनला पेढे देऊन लेक घरी आली तेव्हा ती पहिल्यासारखी बोलत होती, हसत होती.

सह्या होऊन एक दिवस गेला. दुपारी बाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. आत लेकीने नळ सोडला. नळ सुस्कारला आणि गप्प झाला.

"पाणी गेलं वाटतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "आई, नळाखाली भांडी तू मांडलीस?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"नाही."

"पातेलं आपलं आहे. डबेही आपलेच." लेक दारात आली. तिच्या हातात काहीतरी पांढरे होते. "हा कप कुणाचा गं? कान तुटलाय याचा."