पायगोंडाच्या मोटारीचा बोल्ट

गुळाची कायल उतरायला अजून येळ हाय. चुलवानापास्नं जरा मागं सरून बसा, तवर एक सांगतो. आयकीव न्हाई, घडल्याली हाय. ज्याच्यावर बेतलं त्यो पायगोंडा पाटील माझा दोस्त. आष्ट्याच्या पल्याड मळ्यात ऱ्हातो. मी माधवनगरच्या गिरनीत फिटर व्हतो तवा त्यो माझ्याकडं पाने-कानशी मागाय यायचा, तवापास्नंची वळख. त्येनंच हे मला सांगितलं, आन् सांगता सांगता मधीच उठून हात धुऊन आला.

साल शेचाळीस. मार्गशीर्षातली आवस.

लढाई संपली तवा मिल्ट्रीच्या जुन्या मोटारी निकालात निघाल्या. पायगोंडानं साताऱ्याच्या एका दलालाकडनं त्यातली एक आनली. मोटारीचं त्याला लय वेड. गावात दुरुस्तीवाला न्हवता, म्हनून समदं घरीच करायचा, गोठ्याशेजारच्या छपरात.

घरात त्याची आई, आक्काताई. साखरंच्या रोगानं तिच्या उजव्या पायाची बोटं काळी पडली, मग पाऊल सुजलं आन् सडाया लागलं. वास घरात मावंना. पट्टी बदलायचं काम पायगोंडाची बायको करायची, त्रिशला. नाकाला पदर लावायची न्हाई ती, सासूला वाईट वाटंल म्हनून. पायगोंडा मातर उंबऱ्याच्या आत जायचा न्हाई. भायेरनंच इचारायचा, "आई, बरी हाईस न्हवं?" तिनं हात पुढं केला की ह्यो वैरनीचं निमित्त काढून निघायचा. सोताच्या आईची शिसारी येती, ह्याची त्याला आनखी शिसारी यायची.

मिरजंच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, काळं घोट्याच्या वर चढायच्या आत पाय काढाय पायजे. त्या सकाळी त्रिशलानं पट्टी सोडली, तर काळं घोट्याला टेकल्यालं. भाड्यानं मानसं न्हेनाऱ्या सर्व्हिस मोटारीवाल्यानं आदीच नकार दिल्ता. "बाकीची मानसं वकत्यात, पाटील," म्हनला. बैलगाडीच्या हिसक्यानं म्हातारी वाटंतच जायची. ऱ्हायली घरची मोटार. तिचं हेडचं, म्हंजी इंजनाच्या वरल्या झाकनाखालचं, गास्केट फुटल्यालं, इंजनात पानी शिरत व्हतं.

म्हनून पायगोंडा सायकलीवर टांग टाकून सांगलीला गेला आन् दुपारी नवं गास्केट घेऊन आला. उन्हं हायती तवर त्येनं हेड उतरवलं, समदं खरवडून साफ केलं. दिवस बुडायच्या आत घरात जेवनं झाली, जैनाचं घर ते. मग कंदील लावून त्यो परत छपरात आला. गास्केट बसवलं, हेड ठेवलं, एकेक बोल्ट आवळत आला. शेवटचा ऱ्हायला. पाना वढला आन् हातातलं वजनच गेलं.

कट.

बोल्टाचं डोस्कं पान्यात आलं. धड खाली इंजनाच्या लोखंडात.

आता हे काम कसलं असतंय, तुमास्नी ठावं न्हाई. हेड परत उतरवायचं. तुटका बोल्ट आतच घट्ट बसल्याला, धराय कायच न्हाई. रॉकेल सोडून भिजू द्यायचा. मग त्याच्या मधोमध बारीक भोक पाडायचं, कानशीचं चौकोनी शेपूट त्यात ठोकायचं आन् उलटं फिरवायचं. नशीब असलं तर बोल्ट निघतो. पायगोंडाला हे मीच शिकवल्यालं.

त्येनं हेड परत उतरवलं, रॉकेल सोडलं. हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं. लोखंडाचा बारीक कीस वर याया लागला. चकचकीत. त्यो फुंकून टाकायचा, परत फिरवायचा.

मग ड्रिल हलकं फिराया लागलं.

शिजल्या वांग्यात फिरावं तसं.

त्येनं ड्रिल वर काढलं. कीस न्हवताच. ड्रिलच्या आट्यांत पांढुरकं कायतरी गुंडाळल्यालं. त्येला वाटलं, चिंधीचा दोरा आसंल. बोटानं सोडवाय गेला… तर ते चिकाट. तेलकट. वढलं की लांबायचं. बोटं नाकाशी नेली.

आईच्या पायाचा वास.

त्येनं घराकडं बगितलं. दार लावल्यालं. वारा तिकडंच वाहत व्हता, छपराकडनं घराकडं. म्हंजी वास घरातला न्हवं.

"मग वो, तात्या?" आरं पोरा गुंडा, असा अंगावर येऊ नगंस. सांगतो.

ज्या घरात कांदा शिरत न्हाई, त्या घरचा गडी त्यो. त्येनं मांस कवा जवळनं बगितल्यालं न्हाई. तरी त्येला कळलं. कळायला शिकावं लागत न्हाई ते. चिंध्यांनी बोटं पुसली. रॉकेलनं धुतली. नखांत ऱ्हायलंच. आन् थंडीच्या दिसांत, रात्री, माशा आल्या. कुठनं आल्या कुनास ठावं. इंजनावर दुसरीकडं एक बसंना. समद्या त्या भोकावर. काळा ठिपका हलतोय असं दिसायचं.

त्यो छपराभायेर पळाला आन् वकला. तसाच वाकून उभा ऱ्हायला. म्हनला, मरू दे ती मोटार, पेटवून देतो. तेवढ्यात घरातनं म्हातारी कन्हली. लय बारीक. मग त्रिशलाचा आवाज आला, "आवं, झालं का वो? आईंना थंडी वाजून आलीया."

"होतंय," ह्यो म्हनला.

परत आत आला. माशा हाकलल्या. कानशीचं शेपूट भोकात ठेवलं, वरनं हातोडी मारली. लोखंडाचा आवाज आला न्हाई. ओल्या कनकंवर मारल्यावानी… धप. धप. मग पान्यात कानस धरली आन् डाव्या अंगाला जोर लावला. हलंना. आनखी जोर लावला. हलंना. दम घ्यायला त्येनं हात सैल केला.

आन् पाना फिरला.

त्येच्या हातात. आपला आपन. थोडा. थांबला… परत थोडा.

खालनं कुनीतरी बोल्ट वर लोटत व्हतं.

पायगोंडा हालला न्हाई. हालता आलंच न्हाई त्येला. बोल्ट वर वर आला आन् सुटून इंजनावर पडला. त्येच्या आट्यांत भिजल्या रताळ्याच्या सालीगत कातडं गुंडाळल्यालं. त्यावर बारीक केस. मानसाच्या मनगटावर असत्यात तसं.

त्येनं त्यो बोल्ट चिंधीत धरून लांब फेकला.

आता एवढंच काम ऱ्हायलं, भोक आतनं पुसून घ्यायचं. त्याबिगर दुसरा बोल्ट बसला नसता. चिंधी आत जाईना. बोट घालावं लागनार व्हतं.

लय येळ त्यो नुसता बसला. करंगळीकडं बगत.

मग डोळं मिटलं आन् घातली.

आत ऊन-ऊन लागलं. इंजन सकाळपास्नं गार, आन् आत ऊन. वलं. बुळबुळीत. त्येनं श्वास धरून करंगळी फिरवली… आन् तिचं टोक कुनीतरी धरलं.

आवळलं न्हाई. नुसतं धरलं. आजारी मानूस धरतंय तसं. सोडून जाऊ नगं म्हनून.

…

त्यो हे सांगत व्हता तवा मी इचारलं, "वढून का घेतली न्हाईस रं?" तर म्हनला, "नाथाजी, आई असाच हात पुढं करायची. मी वढून घ्यायचो."

त्येनं वढलं न्हाई. तसाच वाकून बसला. माशा तोंडावर बसत व्हत्या, त्या बसू दिल्या. मग हळूच म्हनला, "सोड. माझी आई मरतीया."

जरा येळानं… सुटलं.

त्येनं भोक पुसलं. हेड ठेवून डब्यातला जुना बोल्ट काढून बसवला. हेड आवळलं. ह्या टायमाला कायबी झालं न्हाई. तांबडं फुटायच्या आत हँडल मारलं आन् मोटार चालू झाली. हात राखंनं, मातीनं, शिकेकाईनं धुतलं, कातडं सोलपटंस्तवर. मग घरात गेला. उंबऱ्याच्या आत. त्रिशला बगतच ऱ्हायली. त्येनं नवी पांढरी पट्टी मागून घेतली आन् आईचा पाय सोता बांधला. मग तिला उचलून मोटारीत मागच्या बाकावर आडवी निजवली. पोरं लहान, म्हनून त्रिशला घरीच ऱ्हायली. मोटारीत ही दोगंच. ह्यो पुढं, म्हातारी मागं.

सांगलीचा पूल वलांडला तवा मागनं आई म्हनली, "पायगोंडा, हे कोन रं?"

"कोन, आई?"

"ज्येनं माझं पाय मांडीवर घेतल्यात त्ये. हिसका बसू देत न्हाई बग."

पायगोंडानं मागं बगितलं न्हाई.

"त्येच्या हाताला माझ्या पायापरीस जास्त वास हाय," म्हातारी म्हनली. "पन धरलंय लय बेस."

मिरजंला पाय गुडघ्याखाली काढला. म्हातारी वाचली. मोटार पायगोंडानं त्याच महिन्यात मोडीत घातली. त्याआदी साताऱ्याला जाऊन दलालाला इचारलं, मोटारीत कुनी मेलं व्हतं का. दलाल म्हनला, मिल्ट्रीनं दिली तशी मी दिली, मला कायबी ठावं न्हाई. खरं-खोटं त्याचं त्याला.

गेल्या साली मी मळ्यात गेलतो. आक्काताई ओसरीवर बसली व्हती. एक पाय, पन तोंडावर तजेला. पायगोंडा शेजारी बसून तिला शेंगा सोलून देत व्हता. मी मोटारीचा इषय काढला, तर म्हातारीनं गुमान लुगडं जरा वर सारलं आन् चांगल्या पायाची पोटरी दाखवली.

पोटरीवर हाताचा पंजा. काळ्या वंगनाचा. तळव्याच्या रेघासुद्धा दिसत व्हत्या. चार बोटं. अंगठ्याच्या जागी काय न्हाई.

"रोज धुती मी," म्हातारी म्हनली.

मी वाकून बोट लावलं. तीन वरसं झाल्याली, गड्यांनो… वंगन वलं व्हतं.