लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचं

सकाळी बालवाडीचं दार उघडलं आणि संघप्रियाला सगळ्यात आधी दिसल्या त्या दोन चपला — चक्क हवेत! म्हणजे चपलांत पाय होते आणि पाय शिडीवर होते. छताला डोकं टेकवून एक तरुण भिंतीवर ऐटदार 'अ' रंगवत होता.

"ओ पावणं, हे कुणासाठी?"

"पोरांसाठी. आक्कांनी सांगितलंय."

आक्का म्हणजे कळंब्यातली ही बालवाडी चालवणाऱ्या बाई; संघप्रिया तिथं शिकवायची.

"पोरं काय शिडीवर चढून वाचणार हायत?"

तो वळला. कपाळावर निळ्या रंगाचा ठिपका, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"खाली या," ती म्हणाली. "गुडघ्यावर बसा. आता सांगा, काय दिसतंय?"

कोडोलीचा प्रसेनजीत पेंटर! याच्या हातच्या पाटीसाठी दुकानदार महिनाभर थांबायचे. तो मुकाट्यानं गुडघ्यावर बसला.

"कोरी भिंत," तो म्हणाला. मग हळूच मान वर करून, "आणि... तुम्ही."

"भिंतीकडं बघा!" ती म्हणाली खरी, पण तिचेच कान तापले.

अक्षरं खाली आली. अननसाला सुट्टी मिळाली. "अननस रोज कुणाच्या घरात येतो ओ?" म्हणत तिनं मुलांच्या नावांचीच यादी त्याच्या हातात ठेवली. आ आकारामचा, स संयोगिताचा. तीन दिवसांचं काम आठ दिवस लांबलं.

"अजून न्हाई झालं?"

"श्रावणातली हवा. रंग वाळंना झालाय."

"काल दिवसभर ऊन होतं की."

"व्हय? मी... आत होतो. बघितलं न्हाई."

एकदा पाच वर्षांच्या संयोगितानं त्याच्यापुढं कागद धरला. नुसत्या गिरगोट्या. त्यानं कागद उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला.

"असं न्हाई," संघप्रिया हसली. "आमच्या वर्गाचा नियम हाय. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचं. आधी पोराला काहीतरी सांगावंसं वाटलं पाहिजे. अक्षरं मागनं येत्यात."

संयोगितानं गिरगोट्यांवरून बोट फिरवलं. "पेंटरकाका, माझ्या 'स'ला झुमकं काढा."

त्यानं काढले. दोन्ही, लाल रंगाचे.

पण पालकांत कुजबुज सुरू झाली होती. जून गेला, जुलै गेला, वह्या कोऱ्याच! आक्कांनी सरळ सांगितलं, "शनिवारी पालकसभा हाय. त्यांचं समाधान झालं न्हाई, तर सोमवारपासनं मी दुसरी बाई बघणार."

"वह्या मी भरून देऊ?" प्रसेनजीतनं विचारलं. "एका दमात शंभर पानं!"

ती हसली नाही. "मला भीती वाटतेय ओ," ती म्हणाली.

त्यानं ब्रश खाली ठेवला. "एवढ्या मोठ्या पेंटरला गुडघ्यावर आणलंसा. पालक म्हंजे काय?"

शनिवारी संयोगिताचे वडील बाळासो लेकीचा नवा कागद नाचवतच उभे राहिले. "ही गांडुळं काढायला पोरगी शाळंत घातली व्हय?"

सगळे हसले. संघप्रियानं लेकराला पुढं बोलावलं. "संयोगिता, वाच बाळ."

संयोगितानं बोट टेकवलं. "आजी, दवाखान्यातनं लौकर ये. पप्पा रोज तुझ्या खाटंवर बसून रडत्यात. मी बघितलंय."

बाळासोंनी कागद डोळ्यांजवळ नेला. गिरगोट्यांच्या सुरुवातीला एक वाकडा, पण अगदी खराखुरा 'आ' होता.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"त्यानं!" तिनं भिंतीवरच्या आकारामच्या 'आ'वर हात ठेवला. मग काय, सगळी पोरं उठली आणि भिंतीवर बोटं नाचवत एकमेकांची नावं ओरडून वाचू लागली. कोण कुणाचं नाव वाचतंय, काही कळेना. आयाबाया उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"बाई," बाळासोंचा आवाज चिरकला, "वह्यांचं ऱ्हाऊ द्या. हा कागुद आईला वाचून दाखवतो."

"न्हाई पप्पा, मीच दाखवणार. नियम हाय!"

आक्कांनी पदरानं नाक पुसलं. "सोमवारी वेळेवर या, बाई," एवढंच म्हणाल्या.

वर्ग रिकामा झाला. दारात प्रसेनजीत उभा होता. त्यानं घडी घातलेला कागद पुढं केला. आत पानभर गिरगोट्या!

"हे काय? एवढे मोठे पेंटर, आणि..."

"अक्षरं सुचंनात," तो म्हणाला. "नियम हाय न्हवं? वाचून दाखवतो." पहिल्या ओळीवर त्यानं बोट टेकवलं. "बाई... न्हाई. संघप्रिया. रंग पहिल्याच दिवशी वाळला हुता. मी खोटं बोललो. मला रोज यायचं हुतं... जन्मभर यायचं हाय. चालंल?"

डोळे? हं, ते आता तिनं नीट पाहिले. तपकिरी होते, भित्रे होते, आणि तिला फार फार आवडले.

मुलांची आखूड पेन्सिल उचलून तिनं खाली एक चिमुकली गिरगोटी काढली आणि कागद परत दिला.

त्यानं तो उलटा केला, आडवा केला. "हे... काय लिवलंय?"

तिनं त्याचंच बोट धरलं, त्या गिरगोटीवर टेकवलं आणि वाचून दाखवलं.

"व्हय."